मैंदर्गीचा रवा

गिरिजाक्का चहासुद्धा माणसाकडं पाठ करून करायची. ओट्याशी उभी राहिली की पदर खांद्यावरून असा ओढून घ्यायची, की पातेल्यात साखर किती पडली, आलं ठेचून घातलं की किसून, काही दिसायचं नाही. सोलापुरात सराफ कट्ट्यामागच्या बोळात, तिच्या घराच्या माडीवर मी भाड्यानं राहायला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, या बाईला माझ्या नजरेचा काही संशय आहे. मी मुलींच्या शाळेत नव्यानं लागले होते, एकटी होते, आणि एकट्या बाईला असं वाटायला फार काही लागत नाही. पुढं पाहिलं तर ती शेंगाचटणी कुटतानाही तशीच बसायची, भिंतीकडं तोंड करून. लहानपणी लागलेलं वळण होतं ते. ते कशानं लागलं हे कळायला मात्र मला बरीच वर्षं जावी लागली.

दिसायला ती ठेंगणी, अंगानं भरलेली. बोटं तेवढी लांब, जणू दुसऱ्या कुणाची. माझ्याहून काही वर्षांनी मोठी, पण साऱ्या बोळाची ती अक्काच होती आणि मीही तेच म्हणू लागले. समोरच्या माणसाचं तोंड ती सगळ्यात शेवटी बघायची. आधी कान, मग गळा, मग मनगट. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी तिला घेऊन गेले होते. घरी आल्यावर तिला एकाही मुलीचं नाव आठवेना, पण दुसऱ्या नाचातल्या तिसऱ्या मुलीच्या आईची बोरमाळ कुठल्या हातची असेल यावर ती जेवण होईपर्यंत बोलत होती. रिक्षात, देवळात, दवाखान्यात, कुठंही अनोळखी बाईच्या गळ्याकडं वाकून विचारायची, "ही कुनी केली वो?" केवढ्याला घेतली, हे तिनं कधीच कुणाला विचारलं नाही. स्वतःच्या गळ्यात मात्र काळी पोत आणि कानात लहानशा कुड्या. मला पहिल्या भेटीतच म्हणाली होती, "बाई, तुमच्या कानाची पाळी लई नाजूक हाय. जड कुड्या घालू नका. भोक खाली उतरंल." मी आजही घालत नाही.

माहेर तिचं मैंदर्गीचं, अक्कलकोटच्या पलीकडचं. तिकडं घरात कानडी, बाजारात मराठी. राग आला की तिला कानडी सुचायची. तिचे यजमान दिगंबरराव उंच, शांत, तपकीर ओढणारे. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. मोहनमाळ, बोरमाळ, पाटल्या. हात स्वच्छ होता त्यांचा. सराफ लोक त्यांच्याकडं काम टाकून निर्धास्त असायचे. स्वयंपाक आवरला की अक्काही त्यांच्याजवळ बसून दागिना रिठ्याच्या पाण्यात धुवायची, ब्रशानं घासायची. मी माडीवरून उतरताना दोघं दिसायची. फारसं बोलत नसत. एकानं ब्रश पुढं धरला, दुसऱ्यानं उचलला, असं काम चालायचं.

अक्काचे वडील, अप्पा, मैंदर्गीला रव्याचं काम करायचे. सोन्याचे रव्याएवढे गोल दाणे दागिन्यावर एकाला एक लावून बसवायचे, ते रव्याचं काम. दाणे पाडणं कुठल्याही कारागिराला जमतं. अडतं ते बसवताना. नेहमीचा डाख, म्हणजे जोड द्यायला वितळवतात तो हलका धातू, दाण्यांच्या फटीत शिरतो आणि सगळं भिजल्यासारखं दिसू लागतं. अप्पांच्या कामात फट कोरडी राहायची. बोट फिरवलं तर एकेक दाणा सुटा लागायचा आणि ओढला तरी निघायचा नाही. विजापूर, गुलबर्ग्यापासून लोक मैंदर्गीला वज्रटीक, ती गळ्यालगतची रव्याची टीक, करायला यायचे ते त्याचसाठी.

हे काम कसं होतं ते त्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. काम त्या टप्प्याला आलं की दार लागायचं. ते मुलाला सांगायचं, सुनेला सांगायचं, मुलीला नाही, कारण मुलगी दुसऱ्याच्या घरी जाते. पण अक्काच्या भावाला, मौनेशला, त्या कामाची गोडी नव्हती आणि आईला मोतीबिंदू झाला. शेवटी अप्पांनी पोरीलाच हाताशी घेतलं. तेव्हापासून पाठ करून बसायची सवय. तिचं लग्न सोलापूरच्या सोनाराच्याच घरात ठरलं तेव्हा अप्पांनी तिचा हात ऐरणीवर ठेवला आणि तिच्याकडून वदवून घेतलं, की हे कुणाला सांगणार नाही आणि त्या घरच्या शेगडीवर हे काम करणार नाही. हे सारं तिनं मला गच्चीवर शेंगा फोडता फोडता सांगितलं. दाराआड अप्पा काय करायचे ते अर्थातच नाही.

या शब्दाचा तिला काय जाच झाला, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. रविवार होता. दिगंबररावांनी एका सराफाची वज्रटीक करायला घेतली होती. त्यांनी आपल्या परीनं रवा बसवून बघितला आणि सगळा डाख फटीत भरला. टिकेचा पार चिखल झाला. त्यांनी ती चिमट्यात धरून उजेडाकडं नेली, बघितली आणि खाली ठेवली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणायची, त्या खाटेवरून सगळं बघत होत्या.

"तुझ्या हातात हाय," आत्याबाई म्हणाल्या, "आन् तू दारात उभी ऱ्हाऊन बगतीस."

अक्का म्हणाली, "हातात हाय, आत्याबाई. तोंडात न्हाय."

"नवऱ्याच्या पोटापेक्षा बापाचा शब्द मोठा व्हय?"

ती आत जाऊन भाकरी थापू लागली. भाकरीचा आवाज त्या दिवशी जरा मोठा येत होता. जेवताना दिगंबररावच म्हणाले, "उद्या मैंदर्गीला जातो. मामांकडून करून आणतो."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. रव्याचं काम आलं की दिगंबरराव पट्ट्या, जाळ्या सगळं तयार करायचे आणि एसटीनं मैंदर्गीला न्यायचे. सासरे काम हातात घ्यायचे आणि जावयाच्या तोंडावर दार लावायचे. दिगंबरराव ओट्यावर बसून राहायचे. आतून सासूबाई कडक भाकरी आणि दही पाठवायच्या. काम झालं की टीक फडक्यात गुंडाळून परत. सोलापुरात कुणी वाखाणलं तर सरळ सांगायचे, "रवा माझा नाही. माझ्या सासऱ्यांचा आहे." दुसरा एखादा गप्प बसला असता.

अप्पा गेले. मौनेश त्याआधीच पुण्याला एका कारखान्याच्या ऑफिसात लागला होता, तो तिकडंच राहिला. मैंदर्गीची शेगडी बंद झाली. त्यानंतर कुणी रव्याची टीक विचारत आलं तर दिगंबरराव म्हणायचे, "ते काम आता होत नाही." आणि हे ते म्हणत असताना, ते काम येणारी जगातली एकुलती एक बाई त्यांच्याशेजारी बसून पाटली घासत असायची. मी जिन्यावर हे ऐकलं की तिथंच थबकायची.

एकदा अक्का बाजारात गेली होती तेव्हा मी धीर करून विचारलं, "काका, तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत?"

त्यांनी तपकिरीची डबी मिटली. "बाई, विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. म्हणून नाही विचारलं."

आणि पुन्हा कानस उचलली.

मी पुढं जुळे सोलापुरात स्वतःचं घर घेतलं तरी त्या बोळात जाणं सुटलं नाही. आत्याबाई गेल्या. मुलगा शिकून लातूरला नोकरीला लागला. साच्यातून ओतलेले दागिने आले, त्यांवर रवाही ओतूनच यायचा, ठोकळ आणि बोथट. दिगंबररावांच्या हाताला कंप सुटला. पुढची खोली त्यांनी तापस नावाच्या बंगाली कारागिराला दिली. तो मेदिनीपूरकडचा, तिशीतला, बायकोमुलं गावी ठेवून आलेला. कामाला वाघ. मराठी सोलापूरचीच शिकला होता, त्यामुळं बोलायला लागला की हसू यायचं. अक्काला तो 'मासी', म्हणजे मावशी, म्हणायचा आणि ती त्याला मासळी खायला घराबाहेर काढायची.

एका दुपारी मी गेले होते तेव्हा मंगळवेढ्याची एक बाई आली. नऊवारी, पन्नाशीची. तिनं पिशवीतून एक जुनी वज्रटीक काढली. सासूची होती. मधल्या दोन पट्ट्यांवरचा रवा कशानं तरी चेपून गेला होता.

"लेकीच्या लग्नात घालायची हाय तिला," ती म्हणाली. "चार दुकानं फिरले. समदे म्हनत्यात मोडा आन् नवी घ्या. मोडायची न्हाय मला."

तापसनं भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मावशी, हे कसं चिकटवलंय तेच कळंना मला. ह्यात डाखच नाय."

अक्कानं हात पुढं केला. टीक तळहातावर घेऊन तिनं कडेनं अंगठा फिरवला, जसा आपण झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवतो. "आमच्या अप्पांची हाय ही," ती म्हणाली. आणि कुणाकडंच न बघता, "ह्यातला निम्मा रवा मी बशिवलाय."

मंगळवेढ्याच्या बाईला वाटलं, काम झालं. "मंग तुमीच करा की वो," ती म्हणाली.

अक्कानं टीक तिच्या हातात परत दिली नाही, पण होही म्हणाली नाही. "आठ-पंधरा दिस ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली.

त्याच महिन्यात तिच्या नात्यातलं एक लग्न अक्कलकोट रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं. तिनं मलाही ओढून नेलं. मौनेश पुण्याहून आला होता. साठीला टेकलेला, सफारी घातलेला, मोकळ्या स्वभावाचा माणूस. जेवणं झाल्यावर अक्कानं त्याला बाजूला बोलावलं. पंगत उठली होती, वाढपी टेबलं पुसत होते. मी उठू लागले तर तिनं माझा हात धरून बसवलं. तिला कुणीतरी जवळ हवं होतं.

"मौन्या," ती म्हणाली, "तू घरातला कर्ता. तुज्या परवानगीबिगर करनार न्हाय. अप्पांचं ते काम कुनाला दाकवू का?"

"कुठलं काम गं?"

"रव्याचं."

मौनेशला क्षणभर काही बोध झाला नाही. मग तो हसला, अगदी मायेनं हसला. "अक्का, अजून ते धरून बसलीयस होय? मला वाटलं कधीच सांगितलं असशील. निदान भावजींना तरी."

"न्हाय सांगितलं."

"भावजींनासुद्धा नाही?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "अगं, अप्पांना तरी कुठं वाटत होतं तू एवढं पाळशील," तो म्हणाला. "ते म्हणायचे मला, पोरगी नवऱ्याला सांगणारच, आपण आपलं बोलून ठेवायचं."

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. कन्ना चौक आला तेव्हा माझ्याकडं न वळता म्हणाली, "ह्यांनी किती येळा मैंदर्गीच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली, बाई." मग पदर सारखा करत म्हणाली, "खरं सांगू का? मला बी बरं वाटायचं. त्या घरात भांडं त्यांचं, लुगडं त्यांचं, पोरगं त्यांचं. माजं म्हनून एवढंच व्हतं. शब्दाचं नाव फुडं केलं, पन सोडवत न्हवतं, हे बी हाय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम गेले. पुढच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. अक्कानं दिगंबररावांना शेगडीपुढं पाटावर बसवलं होतं.

"माझे हात आता कुठं राहतात," ते म्हणत होते. "तापसला दाखव. त्याच्या उपयोगी पडेल."

"त्याला दाकविते की. आदी तुमाला."

तापस भिंतीशी उभा राहिला. अक्कानं कोपऱ्यातला दगडी खल पुढं ओढला. तांब्याची पट्टी लाल तापवली की तिच्यावर काळा पापुद्रा धरतो. तो खरवडून तिनं मेणासारखा बारीक घोटला. त्यात टाकणखार. मग भिजवून सोललेल्या गुंजा वाटून त्यांची चिकट पेज केली. गुंज म्हणजे तीच लाल-काळी बी, सोनं जोखायला पूर्वी सोनारांकडं असायची ती. गुंजेची पेज दाणा जागच्या जागी धरून ठेवते, तांब्याचा तो काळा कण आचेनं सोन्यात उतरतो, आणि मधे वेगळा डाख लागतच नाही. सगळं मिळून वाटीभरही नव्हतं.

दिगंबररावांनी ती पेज बोटावर घेतली, वास घेतला.

"गुंज होय," ते म्हणाले. "मला कायम वाटायचं डिंक असणार. बाभळीचा लावून बघितला, धावड्याचा लावून बघितला."

"कवा?" अक्कानं विचारलं.

"तू माहेरी गेलीस की."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग दोघंही हसायला लागली. इतकी वर्षं मी त्या घरात येत-जात होते, त्या दोघांना एकाच वेळी हसताना मी तेव्हाच पाहिलं. हसता हसता अक्कानं पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. दिगंबरराव तिच्या गुडघ्यावर थरथरता हात ठेवून बसले. तापस शेगडीत उगीचच कोळसे सारू लागला.

मंगळवेढ्याची टीक तापसनं अक्काच्या देखरेखीत केली. पहिल्या दोनदा दाणे वितळून गेले, कारण पेज सांगता येते, आच सांगता येत नाही. तिसऱ्या खेपेला, दाण्यांवर चमक आल्याबरोबर आच काढली तेव्हा, बसले. ती बाई न्यायला आली तेव्हा तिला नवा रवा कुठला आणि जुना कुठला ते कळेना, आणि अक्कानं सांगितलं नाही.

बोळात मात्र बोभाटा झाला. आपल्या माणसांना जे दिलं नाही ते परमुलखातल्या माणसाला दिलं, असं म्हणत दोन-तीन जुने कारागीर दारात येऊन भांडले. अक्कानं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "तुमी बी या की. दार काय लावलंय व्हय?" एका मोठ्या सराफानं निरोप धाडला, की फक्त माझ्याच कारागिरांना शिकवा, तुमचं सगळं बघून घेतो. ती म्हणाली, "झाकून काय व्हतंय ते मी बगितलंय. आता ते नगं."

पण खरं सांगायचं तर फारसं कुणी आलं नाही. भांडायला आलेल्यांपैकी एकच जण शिकायला बसला आणि चौथ्या दिवशी यायचा बंद झाला. एवढ्या वेळात ओतकामाच्या चार टिका होतात, असं त्याचं म्हणणं. ज्याच्यापायी एका संसारात इतकी वर्षं एक दार बंद राहिलं, ते उघडलं तर आत यायला गर्दी नव्हती. अक्काला याचं वाईट वाटत असेल असं मला वाटायचं. तिनं तसं कधी दाखवलं नाही. तापस गावी गेला की तिकडून फोनवर आपल्या धाकट्या भावाचं काम दाखवायचा आणि ही चष्मा सरकवून ओरडायची, "पेज लई झाली, पुस ती." फोनमधल्या त्या पोराला मराठी कळत नव्हती, तरी तो पुसायचा.

दिगंबरराव गेले, त्याच्या मागोमाग दोन वर्षांत अक्काही गेली. मी तेव्हा बहिणीकडं होते, मला कळलं ते दुसऱ्या दिवशी.

तिला मी शेवटची पाहिली ती त्याच्या थोडं आधी, थंडीत, सकाळी अकराच्या सुमाराला. बोळात ऊन उतरलं होतं. खोलीत तापस नव्हता. शेगडीपुढं मोडनिंबचा एक सोनार बसला होता. पन्नाशी उलटलेला, नाकावर चष्मा, या वयात शिकायला बसल्याचा संकोच पाठीवर दिसत होता. अक्का त्याच्या शेजारी पाटावर, पूर्वीपेक्षा निम्मी झालेली. त्याच्या तोंडात फुंकणी होती आणि चिमट्यात कानातल्या फुलाची एक पाकळी. त्याचा चिमटा हलत होता, म्हणून अक्कानं त्याचं मनगट आपल्या लांब बोटांनी धरलं होतं.

मी दाराशी थांबले. हाक मारणार होते, पण दोघांचंही लक्ष त्या पाकळीवर होतं.

"तडी," ती कानडीत म्हणाली. थांब. त्या माणसाला कानडी येत असेल-नसेल, पण तो थांबला. ज्योत पाकळीखाली तशीच राहिली. पाकळीवरचे रव्याचे दाणे काळे होते, मग तांबूस झाले.

"तडी."

आणि एकाएकी सगळ्या दाण्यांवरून पाणी सरकल्यासारखी चमक गेली.

"हां, काढ," अक्का म्हणाली आणि तिनं त्याचं मनगट सोडून दिलं.